सहाची खूण आणि सत्तावीस टरफलं: गिंकोच्या बियांचं एक प्रकरण

हे प्रकरण चीनच्या च्यांगसू प्रांतातल्या एका शहरातलं आहे आणि कुटुंब मराठी आहे. त्यांना विचारून लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, घटनांचा क्रम मात्र तसाच ठेवला आहे. मी डॉक्टर नाही. एका कारखान्यात दुभाषी म्हणून काम करते आणि त्याच वसाहतीत राहते, म्हणून त्या रात्री फोन मला आला. औषधाच्या बाजूने जे लिहिलं आहे ते नंतर तिथल्या डॉक्टरांकडून समजून घेतलं, शिवाय मुलीच्या मामांकडून पडताळून घेतलं. भाषेच्या बाजूने जे घडलं ते माझ्या डोळ्यांदेखत घडलं, आणि मला वाटतं खरं प्रकरण तेच आहे.

पार्श्वभूमी

घरात चौघं. नवरा गाड्यांच्या सुट्या भागांच्या कंपनीत, त्या आठवड्यात कामासाठी दुसऱ्या प्रांतात गेलेला. बायको घरून काम करणारी. मुलगी चार वर्षांची, तिला इथे चिऊ म्हणू. आणि नवऱ्याची आई, रत्नागिरीकडच्या एका गावातून नातीला सांभाळायला तीन महिन्यांसाठी आलेल्या. त्यांना मी काकू म्हणते.

काकूंना चिनी येत नाही, इंग्रजी जेमतेम. तरी महिनाभरात त्यांची समोरच्या दारातल्या बाईंशी घट्ट मैत्री झाली. त्या बाई सत्तरीच्या. वयाने मोठ्या बाईला तिथे ‘आयी’ म्हणतात, म्हणजे मावशी. काकूंनी ते ‘आई’ असं ऐकलं आणि त्यांना ते फारच आवडलं. रोज दुपारी दोघी खाली बाकावर बसायच्या, एक मराठीत बोलायची, दुसरी तिथल्या बोलीत, आणि दोघींचं छान चालायचं. इकडून खोबऱ्याच्या वड्या जायच्या, तिकडून वाफवलेले पाव यायचे.

नोव्हेंबरचा शेवट. चिऊला दहा-बारा दिवस खोकला होता. ताप नाही, पण रात्री ढास लागायची. डॉक्टरांनी दिलेलं सिरप संपलं होतं. आयींनी तो खोकला भिंतीपलीकडून ऐकला आणि एका दुपारी कागदी पिशवीत पांढऱ्या टणक कवचाच्या बिया घेऊन आल्या. त्यांचं माहेर थायशिंगकडचं. तो भागच गिंकोच्या बियांसाठी ओळखला जातो, आणि दर शरदात भावाकडून पोतंभर बिया येतात.

या बीला चिनी भाषेत रोजच्या बोलण्यात ‘बायग्वो’ म्हणतात, म्हणजे पांढरं फळ. झाडाचं नाव ‘यिनशिंग’, म्हणजे चांदीचं जर्दाळू. यातलं जर्दाळू लक्षात ठेवा, पुढे सगळा घोळ त्याच्याभोवती झाला. मादी झाडाखाली पिवळट, मऊ गराची फळं पडतात. त्या गराला खवट लोण्यासारखी घाण येते आणि तो हाताला लागला तर कातडी पुरळून निघते. म्हणून हातमोजे घालून गर काढतात, बी धुऊन वाळवतात. कवच फोडलं की आत हिरवट पिवळा गर. भाजला की तो मऊ, पिठूळ आणि किंचित कडवट लागतो.

काकूंनी एक चाखून पाहिली आणि म्हणाल्या, “अगो, ही तर आठळी!” कोकणात वाढलेल्या माणसाला दुसरं काही सुचणं शक्य नाही. चव खरोखरच भाजलेल्या फणसाच्या आठळीच्या जवळ जाते, मीही खाल्ली आहे. अडचण अशी की आठळ्या कोणी मोजून खात नाही.

चिनी वैद्यकात मात्र ही बी मोजूनच दिली जाते. खोकला आणि दमा, अंगावरून पांढरं जाणं, वारंवार लघवी होणं, यांसाठी ती शेकडो वर्षं वापरात आहे. ली शिचेन यांच्या सोळाव्या शतकातल्या मोठ्या औषधग्रंथात ती आहे. दम्यावरचा ‘डिंगच्वान’ नावाचा मिंग काळातला प्रसिद्ध काढा नऊ घटकांचा, त्यातली पहिली बायग्वो: 21 बिया, कवच काढून, ठेचून, पिवळ्या होईतो परतून. चीनची आजची अधिकृत औषधसंहिताही तिची मात्रा 5 ते 10 ग्रॅम सांगते आणि त्याच नोंदीत स्पष्ट लिहिते की ही विषारी आहे, कच्ची खाल्ली तर विषबाधा होते. म्हणजे आयी काही आडगावचा तोडगा देत नव्हत्या. त्यांच्या पिढीला बायग्वोचे नियम पाठ असतात: कच्ची नको, आतला कोंब काढून टाक, मुलांना फार नको. त्यांची नातवंडं तर बिया कागदी पाकिटात घालून मायक्रोवेव्हमध्ये फोडतात, पण ताटात मोजूनच पडतात.

तो नियम आयींनी सांगितलाही. बोटांनी. चीनमध्ये एका हातावर दहापर्यंत आकडे दाखवतात, आणि सहाची खूण म्हणजे अंगठा आणि करंगळी ताठ, मधली तीन बोटं मिटलेली. आयींनी चिऊकडे बोट दाखवलं आणि मग ती खूण दोनदा हलवली. सहा, जास्त नाही.

काकूंनी त्या खुणेचा आपल्याकडचा अर्थ घेतला. त्यांना वाटलं, आयी म्हणतायत, “नंतर फोन करते.”

काय घडलं

संध्याकाळी पाचच्या सुमारास काकूंनी तव्यावर बिया भाजल्या, कवच फोडून मीठ लावलं आणि नातीला कार्टूनसमोर वाटी दिली. स्वतः चार-पाच खाल्ल्या. कोंब काढायचा असतो हे त्यांना कळण्याचं कारणच नव्हतं. सूनबाई आतल्या खोलीत ऑफिसच्या मीटिंगमध्ये होती.

साडेनऊला चिऊला उलटी झाली, मग आणखी दोन. पोटात दुखतंय म्हणाली, पातळ शीही झाली. घरात दोघींचं मत पडलं की पोट बिघडलं आहे. पाण्यात मीठसाखर दिली, काकूंनी ओवा चावायला दिला. अकरानंतर मूल विचित्र दचकायला लागलं, हात लावला तरी अंग उडायचं. 11 वाजून 40 मिनिटांनी पहिली आकडी आली. डोळे वर, हातपाय ताठ आणि मग झटके, साधारण दोन मिनिटं. अंगात ताप नव्हता.

काकू कांदा आणायला धावल्या. सूनबाईने मुलीला कुशीवर वळवलं, तोंडात काही घातलं नाही आणि मला फोन लावला.

पहिला निर्णय: कुठे आणि कसं न्यायचं

हा निर्णय माझा होता आणि आज मी तो तसा घेणार नाही.

पर्याय तीन होते. 120 ला फोन करून रुग्णवाहिका बोलावणं. दहा मिनिटांवरचं सर्वसाधारण रुग्णालय. आणि पस्तीस मिनिटांवरचं मुलांचं मोठं रुग्णालय. जवळच्या ठिकाणी रात्री बालरोगतज्ज्ञ नसतो हे मला आधीच्या एका अनुभवातून माहीत होतं. रुग्णवाहिका आधी तिथेच नेईल आणि मग पुढे पाठवतील, असा हिशेब मी मनात केला. आकडी थांबली होती, मुलगी पेंगुळली होती पण श्वास नीट होता. मी गाडी काढली आणि थेट मुलांच्या रुग्णालयाकडे निघाले.

12 वाजून 20 मिनिटांनी पुलावर दुसरी आकडी आली. गाडीत ऑक्सिजन नाही, उलटी ओढायचं साधन नाही, मागच्या सीटवर दोन घाबरलेल्या बाया. चार मिनिटं चालली. थांबली, हे नशीब. पुढे डॉक्टरांनी मला एवढंच विचारलं की 120 ला फोन का नाही केला. माझ्या हिशेबात सगळं होतं, दुसरी आकडी येऊ शकते एवढंच नव्हतं.

दुसरा टप्पा: एका शब्दामुळे उभं राहिलेलं वेगळंच विष

रुग्णालयात पोचल्यावर नोंदणी, अनामत रक्कम, मुलीचा पासपोर्ट क्रमांक, हे सगळं खिडकीवर करायला मी गेले. वीसेक मिनिटं. तेवढ्या वेळात आत जे बोलणं झालं ते मोबाइलवरच्या भाषांतराच्या ॲपने केलं.

डॉक्टरांनी विचारलं, मुलीने आज काय खाल्लं. काकू म्हणाल्या, “वरणभात, अर्धं केळं, आणि ते भाजलेलं बदामासारखं काहीतरी.” सूनबाईने ॲपमध्ये इंग्रजीत लिहिलं, भाजलेले बदाम. ॲपने चिनीत केलं ‘शिंगरेन’.

आता बघा. शिंगरेन म्हणजे जर्दाळूच्या आठळीतला गर. आपण लहानपणी सुकं जर्दाळू खाऊन झाल्यावर बी फोडून आतला ‘बदाम’ खायचो, तोच. चिनीत बदामालाही सर्रास हाच शब्द लावतात. या गराच्या दोन जाती: गोड, जी खाऊ म्हणून चालते, आणि कडू, जी खोकल्याच्या काढ्यात अगदी थोडी घालतात. कडू जातीत ॲमिग्डालिन असतं आणि पोटात गेल्यावर त्यातून सायनाइड सुटतं. गंमत म्हणजे वर सांगितलेल्या नऊ घटकांच्या काढ्यात बायग्वो आणि शिंगरेन दोन्ही आहेत.

डॉक्टरांनी साहजिक पुढचा प्रश्न विचारला: गोड की कडू? ॲपने तो नीट पोचवला. काकूंनी आठवून प्रामाणिकपणे सांगितलं, “जराशी कडवट.”

मी परत आले तेव्हा आतलं वातावरण बदललेलं होतं. मुलीला ऑक्सिजन लावला होता, रक्तवायूची तपासणी पाठवली होती, आणि एक डॉक्टर फोनवर विषबाधा विभागाशी बोलत होते. ‘सायनाइड’चा चिनी शब्द मी कारखान्यातल्या सुरक्षेच्या फलकांवर वाचलेला, तो एका मुलाच्या खाटेशेजारी ऐकून माझे पाय लटपटले. पहिल्या तपासणीत रक्तातलं लॅक्टेट, म्हणजे पेशींना प्राणवायू अपुरा पडला की साठणारं आम्ल, वाढलेलं आलं, आणि सायनाइडमध्येही ते वाढतं. पण आकडी येऊन गेल्यावर कोणाचंही लॅक्टेट वाढतं. म्हणजे लॅक्टेटवरून सायनाइड आहे की नाही, काहीच म्हणता येत नव्हतं. त्याच दरम्यान, 1 वाजून 5 मिनिटांनी, तिसरी आकडी आली. मिडाझोलाम हे आकडी थांबवणारं औषध दिल्यावर ती थांबली.

तेव्हा समोर असलेले पर्याय

नंतर वॉर्डमधल्या डॉक्टरांनी मला हे शांतपणे समजावलं. त्या क्षणी चार गोष्टी टेबलावर होत्या.

सायनाइडवरचा उतारा देणं ही एक. थायोसल्फेट तुलनेने सौम्य आहे, पण नायट्राइट दिलं तर रक्ताची प्राणवायू वाहायची ताकद कमी होते, आणि नुकत्याच तीन आकड्या येऊन गेलेल्या चार वर्षांच्या मुलीत, खात्री नसताना, ते करायला ते कचरत होते. शिवाय वेळ जुळत नव्हती. कडू गरांची बाधा इतकी उशिरा सुरू होत नाही, इथे खाण्यापासून पहिल्या उलटीपर्यंत साडेचार तास गेले होते. ही शंका त्यांनी मनात ठेवली, म्हणून नायट्राइट दिलं गेलं नाही. माझ्या मते त्या रात्रीचा सगळ्यात शहाणा निर्णय तो होता, आणि तो माझ्या गैरहजेरीत घेतला गेला.

दुसरी गोष्ट पोट धुणं. आठ तास उलटून गेले होते आणि मूल अर्धवट शुद्धीत होतं. नळी घालताना उलटी फुप्फुसात जाण्याचा धोका फायद्याहून मोठा, म्हणून ते बाद. तिसरी, डोक्याचं सीटी स्कॅन. चौथी, मेंदूज्वर नाही ना हे बघायला पाठीतून पाणी काढणं. ताप नव्हता, मान ताठ नव्हती, साखर आणि क्षार ठीक होते. दोन्ही तपासण्या यादीत होत्या, स्कॅनसाठी तर फॉर्मही सहीला आला होता.

टरफल

मी सही करायच्या आधी काकूंना बाजूला घेतलं. भाषेचं काम करणाऱ्याला एक खोड असते, शब्द पटला नाही की वस्तू मागायची. चीनमध्ये नऊ वर्षं काढून जर्दाळूचे गर घरी तव्यावर भाजताना मी कोणाला पाहिलं नव्हतं.

“काकू, बदाम म्हणजे कसले? कुठून आणले?”

त्या गप्प. मग हळूच म्हणाल्या, “आयींनी दिलेले. त्यांचं नाव घेऊ नकोस हो. बिचारीने खोकल्यावर औषध म्हणून दिलं. औषधाने कसं होईल असं?”

डॉक्टरांनी विचारलं होतं, काय खाल्लं. काकूंच्या हिशेबात औषध हे खाण्यात मोडत नव्हतं. शिवाय शेजारणीला पोलिसात ओढतील अशी भीती. या दोन्ही गोष्टी लपवाछपवीच्या नाहीत, आपल्या घरातही अशीच उत्तरं येतील. काढा, चाटण, गुटी यांची नोंद आपण डॉक्टरांसमोर कधी करतो?

“एखादी आहे का जवळ?”

स्वेटरच्या खिशातून त्यांनी दोन बिया काढल्या. न भाजलेल्या, पांढऱ्या, कडेला धार असलेल्या. सलाईनची बाटली बदलणाऱ्या परिचारिकेने त्या माझ्या तळहातावर बघितल्या आणि डॉक्टरांकडे वळून एकच शब्द मोठ्याने म्हणाली: “बायग्वो!”

डॉक्टरांनी विचारलं किती. काकूंनी वाटी दाखवली. ‘बदामासारखं काहीतरी’वरून ‘बायग्वो’वर यायला जवळजवळ पाऊण तास गेला होता.

तिसरा निर्णय: व्हिटॅमिनला हो म्हणायचं का

डॉक्टर म्हणाले, ब 6 जीवनसत्त्व शिरेतून देतो. मी ते मराठीत सांगितलं आणि सूनबाई भडकली. “ताई, मुलीला तीन आकड्या आल्या आणि हे व्हिटॅमिन देतायत? स्कॅन करा म्हणावं. चांगलं औषध द्या.” तिचं चुकत नव्हतं. आपल्याकडे व्हिटॅमिनचं इंजेक्शन म्हणजे डॉक्टरला काही सुचलं नाही की देतात ते.

तिने भावाला फोन लावला. चीन भारताच्या अडीच तास पुढे, तेव्हा तिकडे अकराला दहा मिनिटं कमी होती. मामा छातीच्या विकारांचे डॉक्टर. गिंकोच्या बिया त्यांनी आयुष्यात पाहिल्या नव्हत्या. पण मी डॉक्टरांचं वाक्य सांगितलं तसं ते लगेच म्हणाले, “हे तर आयसोनायझिडसारखं आहे. क्षयाच्या गोळ्या लहान मुलाने चुकून मूठभर खाल्ल्या तर अशाच न थांबणाऱ्या आकड्या येतात, आणि आम्हीही ब 6 च देतो. होऊ दे. लगेच होऊ दे.”

साध्या शब्दांत असं: मेंदूत गाबा नावाचं एक रसायन ब्रेकचं काम करतं. ते तयार करणाऱ्या यंत्रणेला ब 6 लागतं. गिंकोच्या बीत ब 6 सारखंच दिसणारं एक द्रव्य असतं, 4′-ओ-मेथिलपिरिडॉक्सिन. जपानी संशोधकांनी ते 1985 मध्ये या विषबाधेचं कारण म्हणून ओळखलं. ते ब 6 ची जागा अडवतं, गाबा कमी पडतो, ब्रेक निकामी होतो आणि आकडी येते. भाजल्याने ते जात नाही, कारण उष्णतेला ते बऱ्यापैकी टिकतं. पाण्यात मात्र उतरतं, म्हणून उकळून पाणी फेकून देण्याची जुनी रीत अगदी बिनबुडाची नाही.

दीडच्या सुमारास सलाईनमधून ब 6 सुरू झालं. ते त्याच मजल्यावरच्या कपाटात होतं, चिनी रुग्णालयांत ते नेहमीचं आणि अगदी स्वस्त औषध आहे. स्कॅन आणि पाठीतलं पाणी, दोन्ही सहा तास पुढे ढकललं, या अटीवर की पुन्हा आकडी आली किंवा ताप चढला तर ताबडतोब करायचं.

निष्पत्ती

चौथी आकडी आली नाही. पहाटे साडेतीनला दुसऱ्यांदा पाहिलेलं लॅक्टेट उतरलेलं होतं, म्हणजे सायनाइडची शंका मिटली. सहाला चिऊने पाणी मागितलं, आठला घरी जायचं म्हणून रडली. स्कॅन झालंच नाही. दुसऱ्या दिवशीचा मेंदूचा आलेख ठीक आला आणि तिसऱ्या दिवशी सोडलं.

हे ब 6 मुळेच थांबलं असं मी छातीठोक म्हणणार नाही. मिडाझोलाम दिलेलं होतं, आणि हे विष शरीरातून काही तासांत ओसरतं. 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जपानी नोंदीत दोन वर्षांच्या मुलीने 50 ते 60 बिया खाल्ल्या होत्या, सात तासांनी उलट्या आणि नऊ तासांनी तापाशिवाय आकडी. तिच्या रक्तातलं प्रमाण पुढच्या सात तासांत कितीतरी पटींनी खाली आलं होतं. तिलाही ब 6 चंच एक रूप शिरेतून दिलं गेलं. डॉक्टरांनी मला सांगितलेलं गणित पटण्यासारखं होतं: चुकीचं निदान असतं तरी या औषधाने नुकसान जवळपास नव्हतं, बरोबर असतं तर फायदा मोठा. सायनाइडच्या उताऱ्याचं गणित नेमकं उलटं होतं.

हा सगळा प्रकार किरकोळ समजू नये. जपानमध्ये 1930 ते 1960 या टंचाईच्या आणि युद्धाच्या काळात अशा विषबाधेची 70 प्रकरणं नोंदली गेली, त्यांतले 27 टक्के दगावले. ‘वयाच्या आकड्यापेक्षा जास्त गिंको खाऊ नये’ अशी तिथे म्हणच आहे. पण म्हणीवर विसंबून चार वर्षांच्या मुलाला चार बिया द्यायला जाऊ नका. चीनमधले डॉक्टर सांगतात की पाच वर्षांखालच्या मुलाला बायग्वो देऊच नये. म्हणजे आयींची सहाची खूण काकूंना बरोबर कळली असती तरी ती मात्रा चिऊसाठी योग्य नव्हती. फक्त बहुधा एवढं झालं नसतं.

सकाळी सूनबाईने कचऱ्याच्या डब्यातली टरफलं मोजली. सत्तावीस. काकूंच्या चार-पाच वजा केल्या तर मुलीच्या पोटात बावीस-तेवीस गेल्या होत्या.

एक फाटा इथेच सांगते, कारण नंतर मला तीन जणांनी विचारलं. आपल्याकडे औषधाच्या दुकानात स्मरणशक्तीच्या नावाखाली जिंकोच्या गोळ्या मिळतात, त्या याच झाडाच्या, पण पानांच्या अर्काच्या. बीची गोष्ट वेगळी. त्या गोळ्यांचं माझं मत इथे उपयोगाचं नाही.

शेजार

चौथा निर्णय घरात झाला आणि त्यावर सगळ्यात जास्त वाद झाला. नवरा विमानाने परत आला होता आणि त्याला आयींविरुद्ध वसाहतीच्या समितीकडे तक्रार करायची होती. सूनबाई म्हणाली, इथून पुढे आयींच्या घरचं काहीही खायचं नाही. काकू दोन दिवस जेवल्या नाहीत.

आयी स्वतः तिसऱ्या दिवशी संत्र्यांची पेटी आणि लाल पाकिटात पैसे घेऊन दारात उभ्या राहिल्या. रडत होत्या. “मी सहा सांगितलं होतं,” त्या मला परत परत म्हणत होत्या, आणि ती खूण करून दाखवत होत्या, अंगठा आणि करंगळी. काकूंनी ती खूण बघितली, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, “म्हणजे फोन नव्हे?”

तोपर्यंत खुणेची भानगड आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हती. मी नऊ वर्षं ती खूण रोज बघते, बाजारात वापरते. काकूंना आकडे शिकवावेत असं मला कधी सुचलं नव्हतं.

पैसे परत केले, संत्री ठेवून घेतली. तक्रार झाली नाही.

वेगळं काय करता आलं असतं

120 बद्दल वर लिहिलंच आहे. बाकीचं ज्या क्रमाने आठवतं तसं.

साडेनऊच्या उलटीनंतर दोन तास गेले. पोट बिघडलं की आपण जेवण आठवतो: शिळं होतं का, बाहेरचं होतं का. ‘आज पहिल्यांदाच काय पोटात गेलं’ हा प्रश्न त्या घरात कोणी विचारला असता तर वाटी लगेच आठवली असती. उलटीतच पिवळे तुकडे होते, सूनबाईला ते नंतर आठवलं.

रुग्णालयात मी खिडकीवर गेले ही माझी दुसरी चूक. पैसे भरायला सूनबाई जाऊ शकली असती, कार्ड तिचंच होतं. मला आत थांबायला हवं होतं. हे मी आता वसाहतीतल्या प्रत्येक भारतीय कुटुंबाला सांगते: ज्याला भाषा येते त्याने खाटेजवळ उभं राहायचं, रांगेत नाही.

ॲपला दोष देणं सोपं आहे. पण ॲपने ‘बदाम’चं भाषांतर बरोबरच केलं होतं. गडबड त्याआधीच्या पायरीला झाली, ‘बदामासारखं काहीतरी’मधलं ‘सारखं काहीतरी’ टाइप करताना गळलं. नाव माहीत नसेल तर नाव सांगू नये, फोटो दाखवावा. सूनबाईच्या फोनमध्ये त्या संध्याकाळचा चिऊचा फोटो होता, मांडीवर वाटी, वाटीत बिया. कोणालाही तो दाखवायचं सुचलं नाही, कारण समोर प्रश्न विचारणारं यंत्र होतं आणि यंत्राला शब्द हवा होता.

आणि डॉक्टरांनी ‘काय खाल्लं’ला जोडून ‘कोणी काही घरगुती औषध दिलं का’ असं विचारलं असतं तर? त्यांना मी हे नंतर बोलून दाखवलं. ते म्हणाले, चिनी आजीला ते नेहमी विचारतात, परदेशी आजीला विचारायचं डोक्यात आलं नाही.

कागद

शेवटचं काम भाषांतराचंच होतं. डिस्चार्जचा कागद मराठी आणि इंग्रजीत करून पुण्याच्या बालरोगतज्ज्ञांकडे पाठवायचा होता, आणि एक प्रत चिऊच्या शाळेला. चिनी कागदावर ‘छोउछू’ लिहिलं होतं, म्हणजे झटके, आकडी. ‘द्येनश्येन’ म्हणजे अपस्मार, तो शब्द कागदावर कुठेही नव्हता. मराठीत आपण दोन्हीला ‘फिट येते’ म्हणून मोकळे होतो, आणि एकदा ‘फिट येणारी मुलगी’ असं लिहिलं गेलं की ते शाळेच्या फॉर्मवरून पुसणं अवघड. मी लिहिलं: गिंकोच्या बिया खाल्ल्याने आलेल्या आकड्या, अपस्मार नाही, औषध चालू नाही. बीचं नाव चिनी लिपीतही लिहिलं आणि सूनबाईच्या फोनमधला तो वाटीचा फोटो खाली जोडला.

सहा आठवड्यांनी पुन्हा काढलेला आलेखही ठीक आला. चिऊचा खोकला, सगळ्यांच्या लक्षातून गेलेला, त्याआधीच आपोआप थांबला होता.